खटक्यानंतरचं पेट्रोल

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीनं आली, पाठोपाठ टीव्हीवाले आले आणि गोरखगडाला जाणारे ट्रेकर ज्या गावात निव्वळ देहरीची जीप पकडायला उतरत, त्या गावाचं नाव देशभर झालं. नोटाबंदीला अजून महिनाही झाला नव्हता. सगळा देश बँकेच्या दारात रांगेला उभा आणि धसईत वडापाव कार्डावर! आमचे मामा त्याच पट्ट्यातले. त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. "आरं, वाण्याकडची उधारीची वही म्हंजे दुसरं काय हाय? तुझ्या पणज्यापासनं आम्ही कॅशलेसच. तिला रेंज लागत नाय, पिन लागत नाय आन् लाइट गेली तरी चालतीय."

आता, मला लिहायचंय ते नोटांवर नाही, पेट्रोलच्या वाफेवर. पण या दोन गोष्टी पेट्रोलपंपावर एकमेकींना भेटतात. राउंड फिगर नावाचं आपलं जे दैवत आहे ते सुट्ट्या पैशांच्या टंचाईतून जन्माला आलं. ३४८२ रुपये ६० पैसे झाले, तर ६० पैसे आणायचे कुठून आणि वरचे १७ रुपये ४० पैसे परत द्यायचे कोणी? त्यापेक्षा करून टाका ३५००. हे एके काळी शहाणपणाचंच होतं. पण आता पंपापंपावर क्यूआर कोड लटकतोय, फोनमधून ६० पैसेसुद्धा निमूट जातात, सुट्ट्यांच्या बदल्यात कुणी कुणाच्या हातावर चॉकलेट टेकवत नाही. म्हणजे राउंड फिगरनं धसईच्या घोषणेबरोबरच प्राण सोडायला हवा होता. प्रत्यक्षात रोकड गेली, राउंड फिगर राहिली.

पंपावरचा प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पोरगा म्हणतो, "झिरो बघा साहेब." आपण झिरो बघतो. शून्याकडे इतक्या गांभीर्यानं बघणारा समाज जगात दुसरा नसेल. मग आकडे पळू लागतात, पोरगा नोझल टाकीत अडकवून दुसऱ्या गाडीचा झिरो दाखवायला जातो आणि थोड्या वेळानं 'खट्' असा आवाज होतो. पेट्रोल थांबतं. ज्याला आपण फुल टाकी म्हणतो ती इथं झालेली असते. गाडी बनवणाऱ्याच्या दृष्टीनं व्यवहार संपला. आपल्या दृष्टीनं तो आता सुरू होतो.

या खटक्यात वीज नाही की कॉम्प्युटर नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, कधी निरखून बघा. पेट्रोल जोरात वाहत असताना त्या भोकातून थोडी हवा आत ओढली जात असते. टाकीत पेट्रोल चढत चढत नोझलच्या टोकापर्यंत आलं की ते भोक बुडतं, हवा मिळेनाशी होते, आत ओढ वाढते, एक पडदा खेचला जातो आणि घोड्याची खीळ सुटते. एवढंच. ज्याला कुणाला हे सुचलं त्याला दंडवत. आणि आपण काय करतो? पोरगा परत येतो, मीटरकडे बघतो आणि प्रेमानं विचारतो, "राउंड फिगर करू?" 'नको' म्हणायला जीभ उचलत नाही. मग तो थेंब थेंब सोडत, खटक्याला चुकवत चुकवत, ३४८२ चे ३५०० करतो. चहाचा मोठा कप भरेल इतकं पेट्रोल टाकीच्या नरड्यात उभं राहतं.

काहींचं एवढ्यावर समाधान होत नाही. मामा मोटरसायकल दोन्ही बाजूंना कलवून पाहतात, आतली हवा निघाली की अजून बसेल म्हणून. लग्नाला निघालेल्या गाडीची टाकी भरताना दोन धट्टीकट्टी माणसं डिकीवर बसून गाडी हलवताना मी बघितली आहेत. दळणाचा डबा आपटून भरतात तसं.

मुळात कंपनीनं टाकीत ती मोकळी जागा ठेवली ती कंजूषपणानं ठेवलेली नाही. पंपाखालच्या टाक्या जमिनीत असतात, तिथलं पेट्रोल गार असतं. ते गाडीत आलं, गाडी मुरबाडच्या मे महिन्यात उभी राहिली, पारा चाळिशीच्या वर गेला की पेट्रोल फुगतं. चाळीस लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं तर साधारण अर्धा लिटर वाढतं. त्या अर्ध्या लिटरला कुठंतरी पाय पसरायला जागा हवी. आणि फुगण्याआधीपासूनच त्याची वाफ होत असते, कारण पेट्रोल हे एक द्रव्य नसून शेकडो हायड्रोकार्बनांचं खटलं आहे. त्यातले हलके मेंबर चाळिशीच्या आतच उकळायला लागतात. गाडी बंद आहे, चावी खुंटीला आहे, ड्रायव्हर ओटीवर घोरतोय. पेट्रोलला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दिवसा तापलं की टाकी वाफ बाहेर ढकलते, रात्री गार झालं की बाहेरची हवा आत घेते. टाकी अर्धी रिकामी असेल तर हा श्वास जास्तच मोठा, कारण वाफेला जागा जास्त. जुन्या मोटरसायकलींच्या टाकीच्या झाकणाला सरळ एक भोकच असायचं. मामांच्या जुन्या गाडीचा काटा उभ्या उभ्या खाली यायचा तेव्हा त्यांना पक्कं वाटलं की रात्री कुणीतरी पेट्रोल काढतंय. शेजारच्या आळीतल्या एकावर संशयही धरला. बॅटरी घेऊन जागले, कुत्र्याला गाडीपाशी बांधलं. चोर सापडेना. तो रात्री येतच नव्हता. तो सकाळी सिद्धगडाच्या मागून वर यायचा, दुपारी डोक्यावर असायचा आणि संध्याकाळी कल्याणच्या बाजूला मावळायचा. अर्थात, काट्याच्या घसरणीतला थोडा वाटा धाकट्या मामेभावाच्या रात्रीच्या फेऱ्यांचाही असावा, पण तो विषय घरात अजून काढलेला नाही.

घाटात या वाफेचा दुसरा अवतार दिसायचा. फियाट आणि ॲम्बेसेडरच्या जमान्यात माळशेज चढताना दर दोन वळणांआड एक गाडी बॉनेट उघडून उभी असायची. इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंप, मेकॅनिक लोकांच्या भाषेत एसी पंप, इतका तापायचा की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ चघळत बसायचा. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. माणसाच्या तापाला मिठाच्या पाण्याची पट्टी, फियाटच्या तापाला धबधब्याच्या पाण्याची. गाडीला सगळे वारा घालत असताना पुरुषमंडळी सिगारेट पेटवून जवळच उभी असत. आपण इतकी माणसं शिल्लक राहिलो याचं श्रेय कुणाला द्यायचं हे मला ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आजच्या पेट्रोल गाडीत टाकीची वाफ मोकळी सुटत नाही. टाकीतून एक नळी निघते आणि बॉनेटखाली किंवा मागं टाकीपाशी बसवलेल्या एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात, गॅरेजमध्ये 'डबडं'. त्यात कोळसा असतो. चुलीतला नव्हे. लाकूड, करवंटी किंवा दगडी कोळसा आठशे-हजार अंशांच्या वाफेत वगैरे शिजवून त्याला आतून अगणित छिद्रं पाडलेली असतात. पेट्रोलची वाफ त्या छिद्रांत शिरते, भिंतींना चिकटून बसते आणि उरलेली स्वच्छ हवा दुसऱ्या नळीनं बाहेर पडते.

किती भिंती? अशा कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. ठाणे जिल्ह्यात चौरस मीटर कुणाला कळत नाही, म्हणून सांगतो: दहा गुंठे. एका ग्रॅमला दहा गुंठे! डबड्यात अर्धा किलो कोळसा धरला तर पाच हजार गुंठे, म्हणजे सव्वाशे एकर. हे गणित मी मामांना ओटीवर कागदावर करून दाखवलं. मुरबाड तालुक्यात फार्महाउसवाल्यांनी जमिनीचे भाव कुठं नेऊन ठेवलेत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ते ताडकन सरळ बसले. बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. मग विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

डबडं कसं चालतं हे त्यांना पटलं ते मात्र वहीमुळे. उभ्या गाडीत दिवसभर जी वाफ निघते ती कॅनिस्टरच्या खात्यावर मांडली जाते. ही उधारी. गाडी चालू झाली, इंजिन तापलं, की वसुली. कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामध्ये पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी विजेची खिडकी असते. इंजिन हवा ओढत असतंच. ही खिडकी उघडली की बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचली जाते, चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनात जाऊन जळते. आपल्याच पैशाचं पेट्रोल आपल्यालाच परत. बॉनेट उघडं ठेवून चालू गाडीशी कान लावलात तर टिक्-टिक्-टिक् असा बारीक आवाज येतो, तो या खिडकीचा. बरेच लोक हा आवाज ऐकून घाबरून गाडी गॅरेजला नेतात. वसुलीचा आवाज कुणाला आवडतो?

ही वसुली कधी आणि किती करायची ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन थंड असताना नाही, सुरू झाल्या झाल्या नाही, आणि एकदम सगळी तर नाहीच, कारण आधीच पेट्रोल-हवेचं माप जमवून बसलेल्या इंजिनाला वरून वाफेचा लोंढा आला तर ते ठसकतं. वाणीसुद्धा ऐन पेरणीत तगादा लावत नाही, भात झोडून झाल्यावर लावतो. तोच हिशोब.

आणि जसं वाण्याचं खातं, तसंच याचंही: गिऱ्हाइकानं तोंडच दाखवलं नाही तर वही भरून जाते. मुंबईत नोकरी करणाऱ्या भाच्यानं गाडी धसईच्या अंगणात महिना महिना झाकून ठेवली, की रोज उन्हाची उधारी चढते, वसुली शून्य. डबडं भरलं की पुढची वाफ सरळ अंगणात. झाकलेल्या गाडीचं कव्हर उचलताना जो वास येतो तो बहुतेक वेळा हाच. हायब्रिड गाड्यांची अडचण याच जातीची. त्यांचं इंजिन फार वेळ बंदच असतं, मग वसुलीला मुहूर्त सापडायचा कधी? म्हणून काही हायब्रिड गाड्यांत टाकीच कडेकोट बंद आणि दाब सहन करणारी बनवतात.

आता राउंड फिगरवाल्या त्या कपभर पेट्रोलकडे वळू. कोळशाचा सगळा संसार वाफेसाठी मांडलेला. टाकी गळ्यापर्यंत भरली, वर गाडी हलवली, पुढं वळणावर ती कलली किंवा उन्हानं पेट्रोल फुगलं, की वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोल डबड्यात शिरू शकतं. मधे अडवणारा झडपेचा दरवान असतो, पण आपण त्याच्याही डोक्यावरून ओततो. मग सव्वाशे एकर पाण्याखाली. कोळसा भिजला की पुढची वाफ धरणार कोण? आणि वसुलीच्या वेळी इंजिनाला वाफेऐवजी पेट्रोलचा घोट मिळतो. गाडी आचके देते, काळा धूर टाकते. गाडीच्या माहितीपुस्तकात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की खटका पडल्यावर अजून भरू नका. पण ते पुस्तक डॅशबोर्डाच्या कप्प्यात, पीयूसी, विम्याचा कागद आणि शिर्डीच्या उदीची पुडी यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट सुखरूप असतं.

याहून मजेदार दुखणं म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकणं. एरवी गाडी ठणठणीत चालते. फक्त पेट्रोल भरलं की तिथंच सुरू होत नाही. कारण भरताना टाकीतली सगळी वाफ डबड्याकडे रेटली जाते, खिडकी उघडीच असल्यामुळे ती तशीच इंजिनात जाऊन तुंबते आणि स्टार्टर मारला की इंजिनाला पेट्रोल जास्त, हवा कमी. असा एक नमुना मी हायवेच्या पंपावर पाहिला आहे. मागं रांग, हॉर्न, पुढं गाडी नुसती खर्र-खर्र करतेय. दोन मिनिटांत जमलेल्या पंचमंडळानं निर्णय दिला, "पेट्रोलात पाणी मारलंय!" पंपावरचा पोरगा शपथा घेऊ लागला. एकानं बॅटरीचा दोष काढला, एकानं प्लगचा. बॉनेटखालच्या लिंबू-मिरचीत मिरच्या सहाच आहेत असाही शोध लागला. शेवटी वैतागलेल्या ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला, भरपूर हवा आत गेली आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली. ती निघून गेल्यावरही पंचांची चर्चा चालूच होती. आरोपी गेल्यानं आता तिला रंग चढला होता.

हे एवढं सगळं लचांड एका हवा हुंगणाऱ्या माणसामुळे मागं लागलं. एरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये अननसाचा वास नेमका कशाकशानं बनतो यावर काम करत होता. बाहेर लॉस एंजेलिसमध्ये डोळे झोंबवणारं धुरकट धुकं पसरायचं. अननस वेगळा करायची यंत्रं त्यानं त्या धुक्याला लावली आणि १९५० च्या आसपास दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलकारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन यांच्या संगनमतानं जमिनीलगत ओझोन तयार होतो. तेलवाल्यांना हे अर्थातच आवडलं नाही. पण पुढं गाड्यांवर बंधनं येत गेली. आधी इंजिनाच्या पोटातल्या वायूवर, मग धुराड्यावर, आणि १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात, १९७१ पासून अख्ख्या अमेरिकेत, टाकीच्या वाफेवर. म्हणजे हे डबडं पन्नाशी ओलांडलेलं आहे. आपल्या ओळखीचं ते अजून झालेलं नाही ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे या वाफेची झडती घ्यायची सोय पुण्याच्या एआरएआयमध्ये आहे, तीच ती वेताळ टेकडीवरची १९६६ सालची संस्था. चाचणी ऐकायला विनोदी आहे. चालवून तापवलेली गाडी एका हवाबंद खोलीत कोंडतात आणि तासभर तिची वाफ मोजतात. मग दिवसभराचं ऊन-सावली खोलीतच घडवतात, वीसपासून पस्तीस अंशांपर्यंत चढवायचं आणि परत उतरवायचं. एवढ्या अवधीत गाडीनं सगळी मिळून दोन ग्रॅमपर्यंतच वाफ सोडायची. दोन ग्रॅम पेट्रोल म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. दुचाकीला बीएस-६ मध्ये दीडच ग्रॅम. आणि खोलीतलं यंत्र इतकं तिखट असतं की नव्या गाडीचे टायर, रंग, सीटचं रेक्झिन यांचाही वास त्या हिशोबात धरला जातो. नव्या गाडीचा जो वास छातीत भरून घेत आपण पेढे वाटतो, तो तिथं गुन्हा.

हे बीएस-६ देशभर लागू झालं १ एप्रिल २०२० ला. इतकी कडक, इतकी निर्मळ गाडी रस्त्यावर आणायचा दिवस उजाडला आणि रस्त्यावर यायला माणसालाच बंदी होती.

दुसरा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तिथल्या गाड्यांना १९९६ पासून हा सगळा वाफेचा मार्ग स्वतःच तपासावा लागतो. पूर्वी मिलिमीटरभर भोक पकडायचं होतं, नंतर अर्धा मिलिमीटर. त्यामुळे पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट आवळलं नाही तरी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. त्याचा तो लागला. बायको शेजारी, बर्फ बाहेर, भारतातून आलेले सासू-सासरे मागच्या सीटवर. गॅरेजवाल्यानं झाकण तीनदा कट्-कट् आवाज येईपर्यंत फिरवलं आणि त्याचे डॉलर घेतले. हे मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या गाडीला झाकानच नाय तर सैल काय होनार!" खरं होतं. त्यांच्या जुन्या मोटरसायकलीचं झाकण हरवल्यापासून तिथं एक फडकं बोळा करून कोंबलेलं आहे. अन् तिचं पीयूसी दर वेळेला पास होतं. पीयूसीवाला नळी घालतो मागं धुराड्यात. वर टाकीतून काय उडतंय याच्याशी त्याच्या मशीनचा संबंध नाही.

काळीपिवळी जीपवाले या भानगडीतून सुटलेले आहेत, कारण डिझेलची वाफ फारशी होतच नाही. डिझेल गाडीला हे डबडं नसतं. त्यांनी धुराची बाजू तेवढी जोमानं सांभाळली आहे. उलट टोकाला टपरीवर पाण्याच्या बाटलीत टांगलेलं पेट्रोल. भर उन्हात ती बाटली अशी टचटचीत फुगते की झाकण फिरवताच 'फुस्स' होतं आणि मालकासकट सगळे खोल श्वास घेतात. "काय वास हाय!" त्या वासात बेन्झिन असतं. बीएस-६ च्या पेट्रोलात ते एक टक्क्याच्या वर चालत नाही, कारण त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. अमेरिकेत १९९८ पासून येऊ लागलेल्या गाड्या पेट्रोल भरतानाची वाफसुद्धा स्वतःच्या डबड्यात घेतात. आपल्याकडे ती वाफ बहुतेक ठिकाणी नरड्यातून वर येते आणि तिथं वाकून थेंब थेंब राउंड फिगर जमवणाऱ्या त्या पोराच्या नाकात जाते. दिवसाचे बारा बारा तास. आपल्या १७ रुपये ४० पैशांसाठी.

आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलंय, म्हणजे आपला ऊसही या कहाणीत शिरला. इथेनॉल एकटं असलं की पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण पेट्रोलात थोडं मिसळलं की मिश्रण उलट जास्त उडू लागतं. वीस टक्क्यांपर्यंत येता येता हा चढ थोडा ओसरतो. शिवाय ते रबराच्या नळ्यांतून हळूच पाझरतं. साखर कारखान्याची गोष्ट म्हटली की त्यात आतून पाझर आणि मिश्रणातून उकळी यायचीच.

मामांनी अखेर नवी बीएस-६ मोटरसायकल घेतली. तिला डबडं होतं. गावच्या वाटेवरच्या एका मेकॅनिकनं पहिल्याच सर्व्हिसिंगला, कुणी सांगितलेलं नसताना, ते उपटून नळीला गाठ मारली. "ते पोल्युशनवाल्यांसाठी असतं, काका. काय उपेग नाय, अॅव्हरेज खातं." नवीन वस्तूचे पैसे आपण भरलेत म्हणून मामांनी ते घरी आणलं. सव्वाशे एकरांपैकी आपला वाटा सोडायचा कशाला? डबडं फोडलं तर आत दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या काळ्या कांड्या निघाल्या, हात काळे करणाऱ्या. कोळसा वास ओढून घेतो हे माझ्याच गणिताच्या वेळी त्यांनी ऐकलेलं. मामींनी पावसाळ्यासाठी म्हसोबाच्या जत्रेपासून जमवलेली सुकट आणि बोंबील कोठीच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात होते आणि त्या वासानं वरच्या खोलीत झोपणाऱ्या सूनबाई हैराण होत्या. मामांनी मूठ-मूठ कांड्या पुरचुंडीत बांधून डब्यात टाकल्या.

फक्त एक गोष्ट राहून गेली. त्या कोळशानं महिनाभर टाकीची वाफ खात्यावर मांडून ठेवली होती, आणि ताजी हवा लागली की उधारी चुकती करायची एवढंच त्याला माहीत.

आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी मामींनी सुकट परतायला घेतली. मी ओटीवर होतो. आधी लसणीचा वास आला, मग घरभर पेट्रोलपंप पसरला. मामींनी पहिलं काय केलं तर चूल विझवली, नंतर कढई घेऊन बाहेर आल्या आणि मामांच्या पुढ्यात आदळली.

"खावा," म्हणाल्या, "आन् खाल्ल्यावर राउंड फिगर होईस्तोवर परत वाढते."